वाटणी झालेलं घर पुन्हा एक करताना: आधी कागद, मग तारा-नळ, भिंत सगळ्यात शेवटी

मधली भिंत पाडायला दोन दिवस पुरतात. म्हणूनच बरेच जण तिथून सुरुवात करतात, आणि काम तिथेच फसतं. एका घराची दोन-तीन बिऱ्हाडं होतात तेव्हा फाळणी नुसती भिंतीत होत नाही. ती कागदात होते, विजेच्या तारांत होते, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांत होते. शिवाय या सगळ्या रेषा एकमेकींवर बरोबर बसतात असंही क्वचितच दिसतं. डावीकडच्या बिऱ्हाडाचं न्हाणीघर उजवीकडच्या मीटरवर चालतं. जिना एकाच्या नावावर असतो आणि वहिवाट दोघांची असते. कागदावर अजून एकच मिळकत असते आणि आत तीन स्वयंपाकघरं निघतात. यातली प्रत्येक रेषा वेगळी शोधावी लागते, आणि ती पुसण्याचा क्रमही पाळावा लागतो: कागद, मग तारा आणि नळ, मग भिंत.

कागद

पहिला प्रश्न असा, की वाटणी नोंदलेली आहे की नुसती वापरातली? मूळ मंजूर नकाशा मिळवा आणि आजच्या घराशी ताडून पाहा. नकाशात एकच राहतं घर असेल आणि मधल्या भिंती नंतर परवानगीशिवाय उठल्या असतील, तर त्या काढणं म्हणजे घर नकाशाप्रमाणे परत आणणं. हे तुलनेनं सोपं जातं. प्रत्येक भागाची मालकी, करखातं, घरक्रमांक स्वतंत्र असतील तर मात्र एकत्रीकरणासाठी वेगळा अर्ज लागतो. घरांची टंचाई असलेल्या काही शहरांत राहत्या घरांची संख्या कमी करायलाच परवानगी घ्यावी लागते, आणि ती नाकारलीही जाऊ शकते. सौद्याआधी हे लेखी विचारा. ‘काही अडचण येणार नाही’ या तोंडी उत्तरावर घर विकत घेऊ नका.

भाग वेगवेगळ्या मालकांचे असतील तर एक आज आणि दुसरा पुढेमागे घेऊ, हा विचार सोडून द्या. पहिला भाग तुमच्या नावावर झाला की दुसऱ्या मालकाला कळतं, तुमच्यापुढे पर्याय उरलेला नाही. सगळे करार एकमेकांत अडकवा: ठरलेल्या तारखेला सर्व भागांची खरेदी एकदम झाली तरच कुठलाही एक व्यवहार पक्का, नाहीतर सगळ्यांकडून अनामत परत. हे कलम प्रत्येक करारात शब्दशः सारखं हवं. एका करारात ‘तारीख’ आणि दुसऱ्यात ‘वाजवी मुदत’ असं लिहिलं गेलं की साखळी तिथेच तुटते.

मग सामाईक जागा: जिना, गच्ची, बोळ, अंगण, टाकीची खोली. सगळ्या भागांच्या क्षेत्रफळांची बेरीज करा आणि ती मूळ मिळकतीच्या क्षेत्रफळाशी जुळते का ते पाहा. फरक निघाला तर उरलेला तुकडा कोणाच्या नावावर आहे ते खरेदीआधी शोधलं पाहिजे. वाटणी घरातल्या घरात झालेली असेल तर आपला हिस्सा रीतसर न सोडलेला एखादा वारस नेमका याच तुकड्यात निघतो.

भाडेकरू असेल तर ‘रिकामा ताबा’ हे शब्द करारात हवेत. पुष्कळ ठिकाणी मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क तसाच राहतो. कर्ज घेणार असाल तर मूल्यांकन आजच्या दोन घरांचं होणार की होऊ घातलेल्या एका घराचं, ते आधी विचारा. दोन लहान घरांची किंमत मिळून एका मोठ्या घरापेक्षा जास्त भरू शकते. मग तारण असलेल्या मालमत्तेत भिंती पाडायला बँक सहजासहजी संमती देत नाही. विम्याचंही तसंच. रिकामं घर आणि काम चालू असलेलं घर नेहमीच्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, तेव्हा पहिला घण पडायच्या आत ती बदलून घ्या. इमारतीतले दोन शेजारचे फ्लॅट जोडत असाल तर मधली भिंत तुमची एकट्याची नसते, इमारतीची असते. तिथे संस्थेची लेखी संमती लागते.

घर वाचून घ्या

दोन्ही भागांचा एकाच कागदावर, एकाच प्रमाणात नकाशा काढा. पन्नासास एक हे माप सोयीचं. पारदर्शक नळीत पाणी भरून किंवा लेसर लेव्हलने सगळ्या खोल्यांत एकच आडवी रेघ मारा, एका खोलीच्या जमिनीपासून एक मीटर उंचीवर. त्या रेघेपासून खाली जमीन आणि वर छत मोजलं की कुठली खोली किती उचलली गेली आहे ते लगेच कळतं. भिंतींची जाडी बाहेरच्या लांबीतून आतल्या खोल्यांची मापं वजा करून काढा. प्लास्टर धरून २५५ मिलिमीटरच्या आसपास आली तर नऊ इंची भिंत, १४० च्या आसपास आली तर साडेचार इंची, शंभरच्या आत आली तर बहुधा फळ्यांचं किंवा बोर्डाचं पार्टिशन.

नंतर उठवलेली भिंत लपत नाही. तिच्याखालून जुनी फरशी बहुधा सलग गेलेली असते. जुन्या भिंतीशी जिथे ती भिडते तिथे विटांचे दाते अडकवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना उभी बारीक चीर दिसते. छताची नक्षी मध्येच कापलेली असते. खिडकीच्या बरोबर मध्यावर येऊन टेकलेली भिंत तर नक्कीच नंतरची.

पण नंतरची भिंत म्हणजे भार नसलेली भिंत, असं मात्र धरू नका. वरचा स्लॅब किंवा लाकडी तुळई वर्षानुवर्षं हळूहळू वाकते आणि खाली आलेल्या पातळ भिंतीवर टेकते. वरच्या बिऱ्हाडाने त्याच रेषेवर स्वतःची भिंत बांधलेली असते किंवा पाण्याची टाकी ठेवलेली असते. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे वाटणीच्या वेळी कोणी तरी शेजारची मूळ भिंत किंवा खांब काढलेला असतो आणि त्याचा भार या भिंतीवर आलेला असतो. विटांच्या घरात पातळ आडवी भिंत लांब भिंतीला बाजूने आधारही देते. ती काढली की लांब भिंत एकटी पडते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला सगळ्या मजल्यांचे नकाशे एकावर एक ठेवून दाखवा. एकाच खोलीत उभं राहून दिलेलं मत पुरेसं नाही.

जुन्या पार्टिशनचे सिमेंटचे पत्रे, छताचे बोर्ड, पाइपांवरचं वेष्टण यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय ते कापू नका, फोडू नका. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासायचा नाही.

वीज

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी. भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली आणि तारा तशाच ठेवल्या, तर एका खोलीत दोन मीटरांची वीज खेळते. एक मेन स्विच बंद करून कोणी पंखा उतरवायला चढतो आणि दुसऱ्या मीटरची तार जिवंत असते. दोन जोडण्या वेगळ्या फेजवर (पुरवठ्याच्या तीन जिवंत तारांपैकी वेगवेगळ्या तारांवर) असतील तर २३० व्होल्टच्या व्यवस्थेत शेजारच्या दोन प्लगांमध्ये ४०० व्होल्टचा फरक असतो.

आधी घराची नोंद करा. एक मेन पूर्ण बंद करून प्रत्येक दिवा आणि प्रत्येक प्लग मल्टिमीटरने तपासा. जिथे वीज उरली तिथे एका रंगाची चिकटपट्टी लावा. मग उलट करा आणि दुसरा रंग लावा. त्यानंतर एकेक एमसीबी (बोर्डातला प्रत्येक सर्किटचा छोटा स्विच) बंद करून कुठला सर्किट कुठे जातो ते नकाशावर मांडा. एक दिवस जातो, पण यासारखा उपयोगी दिवस दुसरा नाही. भिंतीपलीकडून आलेल्या तारा यातूनच सापडतात.

उसना न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार दुसऱ्याच बोर्डाची असणं) हा विभागलेल्या घरांचा ठरलेला दोष, आणि तो बहुधा जिन्याच्या दिव्यात असतो. फेज वरच्या बोर्डाचा, न्यूट्रल खालच्या. आरसीसीबी (प्रवाहाची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) बसवला की तो लगेच पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, कारण गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत येत नाही. असा पडणारा आरसीसीबी ‘खराब’ ठरवून काढून टाकू नका. तो खरं सांगतो आहे. आरसीसीबी नसेल तर हा दोष जास्त वाईट, कारण बंद वाटणाऱ्या सर्किटचा न्यूट्रल सोडवला की त्यावर विजेचा दाब येतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या सर्किटांचा न्यूट्रल बाकीच्यांत मिसळलेला नाही ना, तेही याच वेळी पाहा.

पुढची व्यवस्था अशी. प्रवेशाजवळचा, मोठा भार पेलू शकणारा मीटर ठेवायचा आणि त्यावर वाढीव भार आधी मंजूर करून घ्यायचा. दोन्ही मंजूर भारांची सरळ बेरीज करायची गरज नसते, कारण सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत. दुसरा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड फेकायचा नाही. तो उपबोर्ड करायचा आणि मुख्य बोर्डातून त्याला स्वतंत्र केबल द्यायची. ४० अँपिअरसाठी साधारण १० चौरस मिलिमीटर तांब्याची, ६३ अँपिअरसाठी १६ ची; लांबी वीस-पंचवीस मीटरच्या वर गेली तर व्होल्टेज किती पडतं ते मोजून जाडी वाढवा. दोन अर्थिंग असतील तर दोन्ही एकाच मुख्य अर्थपट्टीवर आणा. एका खोलीत दोन वेगळ्या अर्थिंगची उपकरणं हाताच्या अंतरावर राहता कामा नयेत. दुसरा मीटर काम संपेपर्यंत यंत्रांसाठी ठेवायला हरकत नाही, पण त्यावर फक्त कामाचा तात्पुरता बोर्ड हवा आणि घराची एकही तार त्याला जोडलेली नको.

शेवटी चाचण्या: ५०० व्होल्टवर इन्सुलेशन किमान एक मेगाओहम, प्रत्येक प्लगपर्यंत अर्थ सलग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३०० मिलिसेकंदांत पडतो ना. आकडे लिहून घ्या, नुसतं ‘ठीक आहे’ नको.

पाणी आणि सांडपाणी

दुसरं स्वयंपाकघर काढताना ओट्यावरचा नळ काढून तोंडाला बूच मारण्याची पद्धत आहे. ती चुकीची. मागे उरलेल्या नळात पाणी साचून राहतं, आणि २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. नळ मुख्य नळातून जिथे फुटतो त्या टी-जोडापाशी जाऊन कापा. सांडपाण्याचंही तेच. वापरात नसलेल्या ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वाकड्या नळातलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि मग दुर्गंध आणि झुरळं घरात येतात. फाटा मुख्य नळाजवळ बंद करा, आणि शक्य तर तिथे साफसफाईचं तोंड ठेवा. गच्चीवर गेलेला हवेचा नळ मात्र ‘आता कशाला हवा’ म्हणून कापू नका. तो गेला की एका संडासाचं पाणी सोडताना दुसऱ्याच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गुडगुड आवाज सुरू होतो.

माझ्या मते दुसरं स्वयंपाकघर पूर्ण मोडण्यापेक्षा कपडे धुण्याची खोली करणं उत्तम. पाणी, सांडपाणी, वायुवीजन तिथे आधीच असतं. गॅसची नळी मात्र अधिकृत माणसाकडून मुळाशीच बंद करून घ्या. भिंतीत गॅस भरलेली नळी ठेवायची नाही.

वर दोन टाक्या असतील आणि त्या तळाशी जोडायच्या असतील, तर भरलेल्या पाण्याची पातळी दोन्हींत एकच हवी. एक टाकी बोटभर जरी खाली असली तरी उंच टाकी भरेपर्यंत खालची वाहत राहते. दोन्हींखालचे चौथरे-स्टँड पाण्याच्या नळीने किंवा लेसरने तशीच आडवी रेघ मारून जुळवा. गरम पाणी एका भागाच्या आणि गार दुसऱ्या भागाच्या व्यवस्थेतून आलं तर मिक्सरमध्ये दाब जुळत नाही आणि अंगावर कधी कढत तर कधी थंड पाणी येतं. एका न्हाणीघराला दोन्ही एकाच टाकीवरून द्या.

विभागलेल्या घरातलं नंतरचं न्हाणीघर एक पायरी उंच का असतं, तेही समजून घ्या. १०० मिलिमीटरच्या संडासाच्या नळाला चाळीसास एक उतार दिला तर तीन मीटरवर ७५ मिलिमीटर उंची लागते. नळाची जाडी आणि फरशी धरली की पायरी होतेच. हे न्हाणीघर काढून खोली करायची असेल तर फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा भराव पूर्ण उपसा. तो वर्षानुवर्षं ओला राहिलेला असतो. वरून नुसती टाइल लावली तर ओल शेजारच्या भिंतीत चढत राहते. नवा कोबा घातला तर त्यालाही वेळ द्या: दर मिलिमीटर जाडीला साधारण एक दिवस, म्हणजे ५० मिलिमीटरला पन्नास दिवस. त्याआधी लाकडी फरशी घातली तर फुगते.

कडीपाटाच्या माडीवर असं न्हाणीघर असेल तर तुळया उघड्या करून पाहा. नळ नेण्यासाठी प्लंबरने वरून खाचा मारलेल्या असतात. तुळईच्या उंचीच्या आठव्या हिश्शापेक्षा खोल खाच, किंवा लांबीच्या मधल्या भागात मारलेली खाच दिसली, तर तिथे शेजारी नवी तुळई जोडावी लागते. ओलीने टोकं कुजली आहेत का ते स्क्रू ड्रायव्हर खुपसून कळतं.

भिंत

आता भिंत. आधी जुनी दारं शोधा. वाटणीच्या वेळी बुजवलेल्या दाराभोवती प्लास्टरला चौकोनी चीर असते, ठोकल्यावर आवाज बदलतो. वर प्लास्टर थोडं खरवडून लिंटेल (दारावरचा भार पेलणारी आडवी पट्टी) आहे याची खात्री करा. असलं तर बुजवलेल्या विटा वरून खाली एकेक थर काढायच्या, झालं. घराच्या खोल्या पूर्वी जशा एकमेकींत उघडत होत्या तशा पुन्हा उघडतात, आणि तो आराखडा बहुतेक वेळा नव्या कल्पनेपेक्षा बरा निघतो. आधी जुनी दारं उघडून पाहावीत आणि मगच नवीन तोडफोड ठरवावी, असं मला ठामपणे वाटतं.

नवीन उघडीप करायची असेल तर लिंटेल दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर टेकलं पाहिजे. रुंदी दोन मीटरच्या पुढे गेली तर ते कशावर टेकणार याचाच हिशेब इंजिनिअरकडून हवा. आधी भिंतीत आरपार आडवे लोखंडी तुकडे घालायचे, साधारण ९०० मिलिमीटरवर एक, आणि प्रत्येकाखाली दोन्ही बाजूंना जॅक लावायचे. जॅक टाइलवर नाही, जाड फळीवर. खाली पोकळ मजला असेल तर त्याखालीही टेकू. मग लिंटेलची जागा कापायची. लिंटेल बसल्यावर वर उरलेली फट सिमेंट-वाळूच्या एकास तीन प्रमाणाच्या, जेमतेम ओलसर मसाल्याने ठासून भरायची. पातळ मसाला आक्रसतो, फट राहते, आणि टेकू काढल्यावर वरची भिंत तेवढी खाली बसते. चिरा त्यातून येतात. जागेवर ओतलेलं काँक्रीटचं लिंटेल असेल तर टेकू किमान १४ दिवस ठेवा.

राडारोड्याचं वजन सगळेच कमी धरतात. तीन मीटर उंच साडेचार इंची भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा प्लास्टरसकट ७०० ते ८०० किलो भरतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो. खोलीच्या मध्ये ढीग घालू नका. पाडलेलं त्याच दिवशी खाली न्या, आणि थांबावं लागलं तर भिंतीकडेला पसरून ठेवा.

बंद केलेला जिना उघडताना खालून पाहा. नंतर भरलेला तुकडा जोडाच्या रेषेने वेगळा दिसतो आणि तो काढता येतो. मूळ स्लॅबमध्ये नवं भोक पाडायचं तर सळ्या तुटतात, कडांना तुळया घालाव्या लागतात. तो वेगळ्याच खर्चाचा मामला. जिना उघडल्यावर आगीचाही विचार करा: पूर्वी प्रत्येक बिऱ्हाडाला आपली वाट होती, आता वरच्या झोपायच्या खोल्यांची एकच वाट खालच्या उघड्या स्वयंपाकघरातून जाणार असेल तर आराखडा बदला. प्रत्येक मजल्यावर एकमेकांशी जोडलेले धुराचे अलार्म बसवा. मजल्यांमध्ये आवाज आणि आग अडवायला घातलेली मिनरल वूल (खनिज तंतूंची गादी) असेल तर ती तशीच राहू द्या.

भिंतीखालून फरशी सलग गेलेली नसेल, तर साडेचार इंची भिंत गेल्यावर जमिनीत १४० मिलिमीटर रुंदीची उघडी पट्टी राहते. जुन्या फरशीचा हुबेहूब जोड शोधण्यात वेळ घालवू नका, सापडला तरी झीज जुळत नाही. वेगळ्या दगडाची सरळ पट्टी घाला. दोन्ही बाजूंची पातळी १०-१५ मिलिमीटरने वेगळी असेल तर पट्टीलाच उतार द्या. ३० मिलिमीटर असेल तर बारास एक उताराला ३६० मिलिमीटर लांबी लागते, तेवढी जागा ठेवा. दोन-चार सेंटिमीटरची पायरी अजिबात ठेवू नका. ती डोळ्याला दिसत नाही आणि पाय मात्र अडकतो. जुन्या-नव्या प्लास्टरच्या जोडावर दोन्हीकडे शंभर मिलिमीटर चढेल अशी जाळी मारा.

प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो टेप धरून काढा. तारा, नळ, बंद केलेले फाटे सगळे मापासकट दिसले पाहिजेत. दुसरा मीटर परत करताना शेवटच्या आकड्याचा फोटो आणि जोडणी कायमची बंद केल्याची पावती घ्या. नाहीतर स्थिर आकाराची बिलं येत राहतात आणि ती थकबाकी करखातं एकत्र करायच्या वेळी आडवी येते. पाण्याच्या दुसऱ्या जोडणीचंही तसंच. या पावत्या, चाचण्यांचे आकडे आणि झालेल्या कामाचा नकाशा एकत्रीकरणाच्या अर्जाला जोडा, आणि प्रत्येकाची एकेक प्रत खरेदीखतासोबत ठेवा.